दाखला, तारीख आणि सोबत

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, त्याबद्दल सर्वप्रथम आपलं मनापासून अभिनंदन. आत्ता दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार झाला. मुलं हुशार आहेत, त्यांचं कौतुक झालंच पाहिजे. मला विषय दिला आहे 'करिअर मार्गदर्शन'. पण खरं सांगू का, या मुलांना माझी फारशी गरज नाही. यांच्या घरात बोलणारी माणसं आहेत. कोणाचा काका पुण्याला इंजिनिअर आहे, कोणाची आत्या नाशिकला बँकेत आहे. क्लासचे सर आहेत, मोबाईल आहे. एखादं वर्ष वाया गेलं तरी सावरून घेणारे आई-वडील आहेत. म्हणून माझी परवानगी मागतो, की आज मी थोडं दुसऱ्या मुलांबद्दल बोलू. गेटवर बसणाऱ्या दादांचा मुलगा, सकाळी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींची मुलगी, समोरच्या बांधकामावर पत्र्याच्या खोलीत राहणारी गवंड्याची पोरं, कोपऱ्यावर इस्त्रीची गाडी लावणाऱ्या भाऊंची लेक. यांतली काही तुमच्या मुलांच्या बरोबरीनंच दहावी पास झाली आहेत.

तुमच्या संस्थेचे जुने सभासद इथे बसले आहेत. त्यांना आठवत असेल, २००० साली संस्था उभी राहिली तेव्हा जळगावला नगरपालिका होती. महानगरपालिका झाली २००३ साली. सातबारा, एन.ए., बांधकाम परवानगी, निबंधक कार्यालयातली नोंदणी. प्रत्येक कागदासाठी किती चकरा झाल्या असतील! एकाला तलाठी माहीत होता, दुसऱ्याचा मेहुणा नगररचना खात्यात होता, तिसऱ्याला अर्ज लिहिता येत होता. असं सगळ्यांनी मिळून केलं म्हणून घरं उभी राहिली. सहकार म्हणजे तरी दुसरं काय? मला जे सांगायचं आहे ते एवढंच, की गरिबाच्या मुलाचं शिक्षणही नेमकं याच कागदांपाशी अडतं. बुद्धीपाशी अडतं असा आपला समज आहे. मी अनेक वर्षं मुलांमध्ये काढली. मला तरी ते दाखल्यापाशी, तारखेपाशी आणि सोबत नसल्यापाशी अडलेलं जास्त दिसलं.

आपल्या खान्देशाला या कामाची जुनी परंपरा आहे. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या आवरणं, आजारी मुलाची शुश्रूषा करणं, मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढणं, असं सगळं ते करत. 'समुपदेशन' हा शब्द तेव्हा कोणी वापरत नव्हतं. पण घर सोडून आलेल्या खेड्यातल्या मुलाच्या शेजारी बसायचं, त्याला काय दुखतंय ते ओळखायचं, हेच ते काम. जेमतेम सहा वर्षं गुरुजी तिथे होते. १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात गेले. तरी अमळनेरची ओळख आजही गुरुजींमुळे सांगितली जाते.

अलीकडचं उदाहरण आपल्या धुळे जिल्ह्यातलं. साक्री तालुक्यातलं सामोडे गाव. तिथले डॉ. राजेंद्र भारूड. भिल्ल समाजातलं घर, जन्माआधीच वडील गेलेले, आई मोहाची दारू विकून घर चालवायची. हा मुलगा पुढे मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाला, नंतर आयएएस झाला आणि नंदुरबारचा जिल्हाधिकारी झाला. 'मी एक स्वप्न पाहिलं' हे त्यांचं पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. भाषणांत आपण त्यांची जिद्द सांगतो, ती आहेच. पण मी मुलांना त्यातली दुसरी एक गोष्ट सांगतो. राजेंद्र पाचवीत असताना त्यांच्या दोन शिक्षकांनी आईला सांगितलं, की हा मुलगा हुशार आहे, याला चांगल्या शाळेत घाला. मग तो घरापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर नवोदय विद्यालयात गेला. ते दोन शिक्षक आईपर्यंत गेले नसते तर? जिद्द तीच राहिली असती, पण ती कुठे खर्च झाली असती कोण जाणे.

त्या शिक्षकांनी व्याख्यान दिलं नव्हतं. योग्य वेळी, योग्य माणसाला, एक नेमकी गोष्ट सांगितली होती. मार्गदर्शन म्हणतात ते हे.

आता नेमक्या गोष्टी कोणत्या, ते जरा मोजून सांगतो. बायाबापड्यांनो, ज्यांच्याकडे कागद-पेन असेल त्यांनी लिहून घ्या. तुमच्या मुलांना उपयोग नसेल, पण उद्या सकाळी भांडी घासताना मावशींना सांगता येईल.

पहिली पायरी पाचवी. जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश मिळतो, पण अर्ज पाचवीत असतानाच भरावा लागतो. राहणं, जेवण, शिक्षण मोफत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना असतात. सहावीत गेल्यावर कोणी सांगितलं, तर त्या सांगण्याचा काही उपयोग नाही.

दुसरी पायरी आठवी. एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, मूल सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी दरमहा १००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८००० रुपये. हा पैसा थेट खात्यात येतो. नववीतच शाळा सोडून कामाला लागणाऱ्या मुलासाठी हा केवढा मोठा आधार आहे, विचार करा. आता यातली अडचण ऐका. परीक्षा बहुधा डिसेंबरात असते. आणि चाळीसगाव, पारोळा, साक्री या भागांतली ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात ती उन्हाळ्यातच परत येतात. हुशार मूल परीक्षेच्या दिवशी फडावर असतं. त्याला मामाकडे, आजीकडे, नाहीतर वसतिगृहात मागे ठेवायचं, हे कोणीतरी दसऱ्याच्या आधीच आई-बापांशी बोलायला हवं.

तिसरी पायरी दहावी. इथे सगळ्यात जास्त गोंधळ. गेटवरच्या एका दादांनी मला विचारलं होतं, "सर, आते पोरले काय शिकाडू?" मुलाला ६२ टक्के होते. शेजारच्या कोणीतरी सांगितलं म्हणून सायन्सला घालायचं चाललं होतं. सायन्सला विरोध नाही. पण सायन्स म्हटलं की क्लास आला, क्लास म्हटलं की फी आली, आणि दोन वर्षांनी नीट-जेईई जमलं नाही तर हातात काहीच उरत नाही. या मुलाला लहानपणापासून पंखा खोलणं, मोटार दुरुस्त करणं यात गोडी. मी त्याला आयटीआयची माहिती दिली. इलेक्ट्रिशियन, फिटर हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत, वेल्डर एक वर्षाचा. आपल्याकडे गैरसमज असा, की आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं. तसं नाही. दोन वर्षांचा आयटीआय केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. रस्ता लांबचा आहे, पण प्रत्येक टप्प्यावर हातात कमाईचं साधन आहे. गरीब घरासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची.

शिवाय आपल्या शेजारी भुसावळ आहे. मध्य रेल्वेच्या अ‍ॅप्रेंटिस भरतीत भुसावळचा वेगळा गट असतो. त्याला लेखी परीक्षा नाही. दहावी आणि आयटीआयच्या गुणांच्या सरासरीवर यादी लागते. एक वर्षाचं प्रशिक्षण, विद्यावेतन मिळतं. ती नोकरी नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगावं. पण पुढे रेल्वेच्या लेव्हल-१ भरतीत असं प्रशिक्षण घेतलेल्यांना २० टक्के जागा राखीव असतात. भुसावळच्या गाडीचा भोंगा रोज ऐकणाऱ्या मुलालाही हे कोणी सांगितलेलं नसतं.

सरकारने काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली. पुढे महाकरिअर पोर्टल आलं. चांगली गोष्ट. पण चाचणीचा कागद हातात घेऊन मूल घरी गेलं, तर आई विचारते, "याच्यात काय लिहिलंय रे?" आणि मुलालाही ते सांगता येत नाही. २०२५ पासून अकरावीचा प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाला. पसंतीक्रम म्हणजे काय, पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही प्रवेश घेतला नाही तर काय होतं, हे मोबाईलच्या दुकानात वीस-पन्नास रुपये देऊन फॉर्म भरून घेणाऱ्या बापाला कोण सांगणार? दुकानदार फॉर्म भरून देतो, सल्ला देत नाही. देणं त्याचं कामही नाही.

चौथी पायरी बारावी आणि त्यापुढची. इथे पैशापेक्षा दाखला आडवा येतो. उत्पन्नाचा दाखला, रहिवास, नॉन-क्रिमीलेअर, जातीचा दाखला हे तहसीलमधून, सेतूमधून मिळतात. खरी परीक्षा जात वैधता प्रमाणपत्राची. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं तर ते लागतंच. त्यासाठी जुना पुरावा हवा. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ च्या आधीचा, ओबीसींसाठी १९६७ च्या आधीचा. आता सांगा, ज्याचा आजोबा मेंढरं घेऊन फिरत होता, शाळेची पायरी कधी चढला नाही, त्याचा शाळेचा दाखला आणायचा कुठून?

एका मुलाचं असंच झालं. भटक्या जमातीतलं घर, वडील हमाली करायचे. बारावीला चांगले गुण, सीईटीत चांगले गुण, बी.फार्मसीला नंबर लागला. वैधता नाही. मुदत संपत आलेली. घरात शोधाशोध केली, काही मिळेना. बोलता बोलता मुलाची आजी म्हणाली, "शिरपूरकडच्या चुलत्याच्या पोराला तो कागद मिळालाय म्हणे." वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यातल्या कोणाला वैधता मिळालेली असेल, तर तो भक्कम पुरावा धरला जातो. मग अडचण काय? अडचण ही, की या दोन घरांत शेताच्या बांधावरून अकरा वर्षं बोलणं बंद होतं. मुलाचे वडील म्हणाले, "सर, पोराचं शिक्षण राहिलं तरी चालेल, पण मी त्याच्या दारात जाणार नाही."

करिअर मार्गदर्शनाच्या कोणत्याही पुस्तकात याचं उत्तर नाही. मी त्यांना घेऊन एसटीने शिरपूरला गेलो. आधीच निरोप पाठवला होता. पहिला अर्धा तास दोघंही माझ्याशीच बोलत होते, एकमेकांशी नाही. मग त्या घरातल्या वहिनींनी चहा आणला आणि मुलाकडे बघून म्हणाल्या, "केवढा झाला हा!" तिथून बोलणं सुरू झालं. वंशावळ लिहून घेतली, प्रतिज्ञापत्र झालं, गावच्या कोतवाल बुकातली एक जुनी नोंदही सापडली. मुदतीच्या आत प्रमाणपत्र जमा झालं. मुलगा आता तिसऱ्या वर्षाला आहे. दोन घरं एकमेकांच्या लग्नकार्याला जायला लागली, हा वरचा नफा.

म्हणून माझं सांगणं, वैधतेचं काम बारावीच्या निकालानंतर सुरू करायचं नसतं. अकरावीत प्रवेश घेतला, की त्याच वर्षी फाईल तयार करायला घ्यायची.

फीचंही तसंच. अनेक आई-बाप फीचा आकडा ऐकूनच माघारी फिरतात. महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या आहेत. २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम्, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. जेवणाखाण्याला आणि राहायला पैसे मिळतात. दिव्यांग मुलांना २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात ५ टक्के आणि सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी यूडीआयडी कार्ड काढून ठेवावं लागतं. योजना पुष्कळ आहेत. पण त्या ज्याला ठाऊक, त्याच्याच.

इथे आपल्याच गावातल्या एका कामाचा उल्लेख केला पाहिजे. प्रा. यजुर्वेंद्र महाजन यांनी २००५ साली जळगावात दीपस्तंभ फाउंडेशन सुरू केलं. त्यांच्या 'मनोबल' प्रकल्पात दिव्यांग आणि अनाथ मुलं राहतात, शिकतात, स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. हात नसलेली, दृष्टी नसलेली मुलं बाहेरच्या राज्यांतूनसुद्धा आपल्या जळगावात येतात. एकदा सवड काढून मुलांना घेऊन बघून या. तिथे नुसतं मार्गदर्शन नाही. राहणं, जेवण, अभ्यास आणि धीर हे सगळं एका छताखाली आहे, म्हणून ते टिकलं.

स्पर्धा परीक्षेचा विषय निघालाच आहे तर एक कडू गोष्ट बोलतो. यूपीएससीला साधारण हजारभर जागा आणि अर्ज दहा लाखांच्या आसपास. आपल्या खेड्यापाड्यातली मुलं बी.ए. करून अभ्यासिकेत बसतात; चार वर्षं, सहा वर्षं. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर पळतात. त्यांना नाउमेद करायचं नाही. पण पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून एका कागदावर लिहून घ्यावं, की किती प्रयत्न करणार, कोणत्या वर्षापर्यंत, आणि तोपर्यंत नाही झालं तर काय करणार. हे लिहिलेलं मूल घाबरत नाही, उलट मोकळं होऊन अभ्यास करतं. ज्याच्या मागे शेती नाही, दुकान नाही, त्याला दुसरा रस्ता आधी आखून द्यावाच लागतो.

आता शेवटची एक हकीकत, जी अजून पूर्ण झालेली नाही. याच भागात चार घरी काम करणाऱ्या एका मावशींची मुलगी. यंदा बारावीला आहे. तिला नर्स व्हायचं आहे. आईची इच्छा आहे. वडील रिक्षा चालवतात, वाईट माणूस नाही. पण स्थळ आलंय. मुलाकडचे म्हणतात, आखाजीनंतर उरकून टाकू. तोवर मुलीला अठरा पूर्ण होतील, म्हणजे कायद्याने अडवता येणार नाही. वडील मला म्हणाले, "सर, तीन वर्षं नर्सिंग. तोपर्यंत स्थळ थांबतं का?"

त्यांना स्त्री-शिक्षणाचं महत्त्व सांगून उपयोग नव्हता. ते त्यांनी रेडिओवर पुष्कळ ऐकलंय. मी एक कागद घेतला आणि चार रकाने आखले. कोणतं वर्ष, खर्च किती, तो कोण भरणार, हातात काय येणार. बारावीनंतर जीएनएम तीन वर्षं. सरकारी संस्थेत लागलं तर खर्च किती, शिष्यवृत्ती कोणती, राहायची सोय कुठे, आणि चौथ्या वर्षी ती स्वतःच्या पायावर कशी उभी राहील. दुसऱ्या बाजूला लग्नाचा खर्च आणि त्यासाठी काढायचं कर्ज. तेही त्यांच्याच तोंडून लिहून घेतलं. मी माझं मत दिलं नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. "बघतो," म्हणाले. अजून बघताहेत. मुलीची परीक्षा फेब्रुवारीत आहे. त्या मावशी आपल्यापैकी कोणाच्या घरी काम करत असतील, तर त्यांनी येत्या दोन महिन्यांत मुलीला अभ्यासाला दुपारचे दोन तास मिळतील एवढं बघावं. आणि घरातल्या कर्त्या पुरुषांनी रिक्षात बसल्यावर त्या भाऊंशी सहज दोन शब्द बोलावेत. उपदेश नको, नुसतं विचारावं, "लेक काय म्हणते?"

अध्यक्षसाहेब, आता थोडं मागणं मागतो आणि थांबतो.

आपला हा हॉल रविवारी सकाळी रिकामा असतो. दोन तास द्या. संस्थेत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, तहसीलमधून निवृत्त झालेले एक भाऊसाहेब आहेत, सिव्हिलमधल्या एक सिस्टर आहेत. प्रत्येकाने महिन्यातून एक रविवार बसावं. ऑफिसमधला कॉम्प्युटर आणि प्रिंटर त्या दिवशी फॉर्म भरायला वापरू द्या. गेटजवळच्या फळ्यावर पाण्याची वेळ लिहितो, तिथेच एका कोपऱ्यात महिन्याच्या तारखा लिहा: नवोदय, एनएमएमएस, सीईटी, आयटीआय, शिष्यवृत्ती. वॉचमन दादांना वाचता येतं, ते चार जणांना सांगतील.

पैशाचं म्हणाल तर देखभाल निधीला हात लावू नका. ज्याला इच्छा असेल त्याने वेगळी वर्गणी द्यावी, सर्वसाधारण सभेत रीतसर ठराव करावा, हिशेब वेगळा ठेवावा. सीईटीची फी, प्रवेशाच्या दिवशी भरायची अनामत, एवढ्यासाठी बिनव्याजी उसने द्यायचे. शिष्यवृत्ती आली की परत घ्यायचे. मी पाहिलंय, ही माणसं पैसे बुडवत नाहीत.

आणि गुणवंत मुलांनो, तुम्हालाही एक काम आहे. तुम्ही यंदा जे फॉर्म भरले, त्यात कुठे अडकलात, ते तुम्हाला ताजं आठवतंय. पुढच्या जूनमध्ये तुमच्याच वयाच्या एका मुलाचा फॉर्म तुम्ही शेजारी बसून भरून द्या. एकाचाच. दहावीचे गुण वर्षभराने तुम्हीही विसराल, पण तो मुलगा हे विसरणार नाही.

पुढच्या पंचवीस वर्षांसाठी संस्थेला शुभेच्छा देतो. 

जय हिंद, जय महाराष्ट्र!